वीज पडली, लाइट गेली : 'लाइट' या शब्दाचे कोकणातले अर्थ

खाडीकाठचा
नमस्कार. गेल्या आठवड्यात मी दाभोळच्या खाडीलगत आमच्या गावी होतो. संध्याकाळी सह्याद्रीकडून वळवाचे ढग उतरले आणि लांबवर चमकू लागले, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वीज चमकायला लागली, आता लाइट जाईल. चिमणीत रॉकेल आहे का बघून ठेव." माझा भाचा मुंबईच्या शाळेत सातवीत शिकतो. त्याने लगेच विचारले, "आजी, वीज आणि लाइट एकच ना?" आईने हातातले काम न थांबवता सांगितले, "एक कशी असेल? वीज आभाळात असते, लाइट खांबावर असते."

पुस्तकाप्रमाणे भाच्याचे म्हणणे बरोबर होते, पण त्या वाक्यात आईने जो भेद केला तो मला तेव्हापासून सोडत नाही. संस्कृतातल्या विद्युत् शब्दापासून आलेल्या 'वीज' या शब्दावर मराठीने दोन कामे टाकली आहेत : ढगात चमकणारी तीही वीज आणि तारेतून येणारी तीही वीज. इंग्रजीत या दोहोंना मुळापासून वेगळी नावे आहेत. आभाळातली 'लाइटनिंग' ही 'लाइट'वरून, म्हणजे उजेडावरून, आलेली आहे. तारेतल्या 'इलेक्ट्रिसिटी'चा उजेडाशी काही संबंध नाही, कारण तो शब्द ग्रीकांच्या 'इलेक्ट्रॉन'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ अंबर, म्हणजे घासल्यावर बारीक काड्या ओढून घेणारा पिवळा राळेचा खडा. कोकणातल्या माणसाने यातले काहीही न वाचता जो भेद लागत होता तो स्वतः करून घेतला, आणि गंमत अशी की इंग्रजांनी आभाळाकडे ठेवलेला 'लाइट' हा शब्द त्याने उचलून खांबावर नेऊन ठेवला.

याचे कारण मला असे दिसते की आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत वीज ही खरोखर पडणारी गोष्ट आहे. तिने माड जळतो, गोठ्यातले जनावर मरते, शेतावरचे माणूस जाते. अशा शब्दाला 'आली' आणि 'गेली' ही रोजची क्रियापदे लावायला जीभ धजत नसावी. "आज दुपारी वीज आली" असे वाक्य आमच्या गावात कोणी म्हणाले तर ऐकणारा आधी घाबरेल.

पुढे पाहिले तर या एका शब्दाची कामे मोजता येत नाहीत. पुरवठा म्हणजे लाइट, दिवा म्हणजे लाइट, बिल म्हणजे लाइट बिल, बंदराच्या तोंडावरचे दीपगृह म्हणजे लाइट हाऊस, फिका रंग म्हणजे लाइट, कमी साखरेचा चहा लाइट, आणि एखादी गोष्ट मनाला लावून घेऊ नकोस हे सांगायचे तर "लाइट घे". तुमच्या गावात, तुमच्या कामात हा शब्द कसा वापरतात ते लिहावे, अशी विनंती आहे.

निवृत्त वायरमन
खाडीकाठचा, फार चांगला विषय काढलात. मी तीस वर्षांहून अधिक काळ खांबावर चढलो आहे. तक्रार सांगायला आलेला माणूस कोणते वाक्य बोलतो यावरून बिघाड कुठे आहे याचा अर्धा अंदाज आम्हाला कचेरीतच यायचा.

"लाइट गेली" असे सांगितले की आम्ही पहिला प्रश्न विचारत असू, "तुमचीच की वाडीची?" वाडीची असेल तर डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचा, डीओ (फ्यूज) उडालेला असायचा, आणि एकाच घराची असेल तर बहुधा खांबावरून घरात येणारी तार सुटलेली असायची. "एक लाइट नाही" असे कोणी म्हणाला तर त्याचा अर्थ एक दिवा नाही असा नसून पुरवठ्याच्या तीन तारांपैकी एक फेज (एका तारेतला पुरवठा) नाही असा असायचा. ज्याच्याकडे विहिरीवर पंप आहे तोच माणूस हे वाक्य बोलायचा. "लाइट कमी येते" म्हणजे दाब कमी आहे. "लाइट फडफडते" हे वाक्य ऐकले की आम्ही घाई करायचो, कारण कुठेतरी जोड सैल असतो, ठिणग्या पडत असतात आणि खाली कौलारू घर किंवा गवताची उडवी असू शकते.

धक्का बसला तर मात्र "लाइट लागली" असे कोणीही म्हणत नाही. तिथे "करंट लागला" किंवा "शॉक बसला" असेच म्हणतात. म्हणजे आभाळात वीज, तारेत लाइट आणि अंगाला लागतो तो करंट, अशी तिघांची वाटणी लोकांनी करून टाकलेली आहे आणि तिच्यात कधी गोंधळ होत नाही.

आणखी एक सांगतो. पोफळीला कोयनेच्या वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून तुमच्याच दाभोळच्या खाडीत येते. पोफळीच्या त्या जागेला मात्र कोणी लाइटचे घर म्हणत नाही, तिथे 'वीजघर', 'वीजगृह' असेच शब्द चालतात. जिथे तयार होते तिथे वीज, आणि घरात पोहोचली की लाइट.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले तेव्हा मी नोकरीतून सुटलेला होतो, तरी पोरांबरोबर पुन्हा कामाला उभा राहिलो. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत खांबच्या खांब आडवे झाले होते. आमच्या वाडीत बावीस दिवसांनी पुरवठा सुरू झाला. त्या संध्याकाळी एका म्हातारीने बटण दाबून वर पाहिले आणि हात जोडून "लाइट आली गो बाय" असे म्हटले, ते शब्द माझ्या कानात अजून आहेत.

शब्दशोध
वरचे दोन्ही प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले. चर्चेत एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उजेडाचा 'लाइट' आणि वजनाला हलका असलेला 'लाइट' हे इंग्रजीत आज एकाच स्पेलिंगने लिहिले जातात, पण ते एका शब्दाचे दोन अर्थ नसून मुळात दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीतच त्यांचे उच्चार एकमेकांच्या जवळ आले आणि पुढे ते एकसारखे झाले.

उजेडाच्या 'लाइट'चे मूळ ज्या प्राचीन धातूत आहे त्याच धातूपासून लॅटिनमधले 'लक्स' आणि 'लुमेन' आले. आज एलईडी दिव्याच्या खोक्यावर वॉटच्या शेजारी जे लुमेन छापलेले असते ते हेच. संस्कृतात त्याच धातूचे रूप 'रुच्' असे आहे, आणि त्याचा पहिला अर्थ चमकणे असा आहे. चमकते ते मनाला भावते या वाटेने 'आवडणे' हा अर्थ आला आणि मराठीत 'रुची', 'रुचणे', 'रुचकर' असे शब्द तयार झाले. म्हणजे सोलकढी रुचकर झाली असे आपण म्हणतो तेव्हा खोक्यावरच्या लुमेनशी दूरचे नाते सांगत असतो.

हलक्या वजनाच्या 'लाइट'चे नाते आपल्याला याहून जवळचे आहे, कारण तो संस्कृतातल्या 'लघु'चा भाऊबंद आहे. 'लघु'चे प्राकृतात उच्चार बदलत गेले, अक्षरांची अदलाबदल झाली आणि त्यातून मराठीचे 'हलका' आणि 'हळू' हे शब्द आले. कोकणातल्या शेतकऱ्याला तर हा शब्द रोज लागतो. लवकर पिकणाऱ्या भाताला आपण हळवे म्हणतो आणि उशिरा पिकणाऱ्याला गरवे. त्यातले हळवे हे 'लघु'चे आणि गरवे हे 'गुरु'चे वंशज आहे. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत हळवे पेरावे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मळ्यात गरवे, हे सांगणारा म्हातारा आणि पाकिटावर 'लाइट' छापणारा बिस्किटवाला हे दोघे नकळत एकाच कुळातला शब्द वापरत असतात. मला या शोधाने जेवढा आनंद झाला तेवढा फार थोड्या गोष्टींनी झाला आहे.

इंग्रजीत या दुसऱ्या 'लाइट'चा विस्तार मोठा आहे. बकऱ्याच्या फुफ्फुसांना खाटकाच्या भाषेत 'लाइट्स' म्हणतात, कारण इतर अवयवांच्या मानाने ती हलकी असतात. गाडीतून उतरण्याला 'अलाइट' म्हणतात, त्याचे मूळही घोड्याच्या पाठीवरचे ओझे हलके करण्यात आहे. आपल्याकडे यातले काही आले नाही. आपण फक्त रंग, चव, जेवण आणि मनःस्थिती एवढ्यापुरताच तो 'लाइट' घेतला. त्याचे कारण मला असे वाटते की 'हलका' या मराठी शब्दाला कमीपणाची छटा चिकटलेली आहे. 'हलक्या कानाचा', 'हलक्या प्रतीचा' असे आपण म्हणतो. पाहुण्याला "हलका चहा करू का?" असे विचारणे बरे दिसत नाही. "लाइट करू का?" असे विचारले की ती छटा टळते.

दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, आता हर्णैला असतो. शब्दशोध यांनी सांगितलेले दोन 'लाइट' जहाजावर रोज एकमेकांसमोर उभे राहतात, म्हणून लिहितो.

आमच्या भाषेत दीपगृहाला 'लाइट हाऊस' म्हणण्याची गरज पडत नाही, नुसते 'लाइट' पुरते. नकाशावर प्रत्येक लाइटची खूण दिलेली असते, आणि तिची चमक किती सेकंदांनी येते यावरून रात्री ती नेमकी कोणती लाइट आहे हे ओळखता येते. चमक थोडी आणि काळोख अधिक असेल तर तिला 'फ्लॅशिंग' म्हणतात. उजेड अधिक आणि मधूनच थोडा काळोख येत असेल तर ती 'ऑकल्टिंग'. दोन्ही सारखे असतील तर 'आयसोफेज'. खांदेरीचे दीपगृह १८६७ पासून आहे, कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्ज १८७५ पासून. खाडीकाठचा यांच्या गावासमोर अंजनवेलजवळ टाळकेश्वराचे दीपगृह आहेच. दिव्याभोवती काचेच्या लोलकांची जी कडी असतात ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची युक्ती आहे. सगळीकडे पसरणारा उजेड ती वळवून एका पट्ट्यात सोडतात, म्हणून तो इतक्या लांबून दिसतो.

आता दुसरा 'लाइट'. माल उतरवून रिकाम्या झालेल्या जहाजाला आम्ही 'लाइट' म्हणतो. त्यामुळे 'लाइटशिप' या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात : दीपगृह बांधता येत नाही अशा जागी नांगरून ठेवलेले दिव्याचे जहाज, आणि माल, इंधन, पाणी यांपैकी काहीही नसलेल्या नुसत्या जहाजाचे वजन. नव्याने आलेल्या मुलांना हे समजावून द्यावे लागते.

'लाइटर'चेही तसेच आहे. स्वयंपाकघरातला लाइटर गॅस पेटवतो, बंदरातला 'लाइटर' जहाज हलके करतो. मोठे जहाज उथळ धक्क्याला लागू शकत नाही, तेव्हा माल उतरवून घ्यायला जी सपाट तळाची नाव लावतात तिला इंग्रजीत लाइटर म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर हे काम पडाव करत असत. मुंबईहून येणारी बोट हर्णैसमोर बाहेर उभी राहायची आणि चाकरमानी, ट्रंका, करंड्या, सगळे पडावातून किनाऱ्याला यायचे. इथे मात्र इंग्रजी शब्द रुजला नाही, कारण आपल्याकडे चांगला शब्द आधीपासून होता आणि तो ज्यांच्या रोजच्या तोंडात होता तेच ते काम करत होते.

रापणीचा दोर
मालवणकडून लिहितो. आमच्याकडे गेली काही वर्षे 'लाइट' या शब्दाला एक कडू अर्थ आला आहे आणि तो या धाग्यावर नोंदवला जावा असे मला मनापासून वाटते.

"लायटवाले इले" असे आमच्याकडे म्हणतात तेव्हा ते मांडववाले नसतात. जनरेटर आणि एलईडीचे मोठे दिवे लावून रात्री समुद्रात उजेड पाडणाऱ्या नौका असा त्याचा अर्थ असतो. उजेडाकडे आधी बारीक जीव येतात, त्यांच्या मागे तारली, बांगडा, म्हाकूल असे सगळे गोळा होतात, आणि मग पर्ससीनचे, म्हणजे थव्याभोवती फिरवून तळाशी आवळायचे, जाळे टाकून तो सगळा थवा एकदम उचलला जातो, त्यात लहान पिल्लेही जातात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीही रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात.

मला दुःख याचे होते की आमच्या लहानपणी समुद्रातली लाइट ही धीर देणारी गोष्ट होती. रात्री होडीतून परत येताना लांबवर नौकेची लाल दिसली की तिची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवी दिसली की उजवी आहे, एवढे मोठ्यांनी शिकवलेले होते. काळोख्या रात्री पाण्यातच निळसर उजेड हलायचा आणि त्यावरून मासळीचा थवा कुठे आहे हे जुन्या माणसांना कळायचे. त्या उजेडाला आम्ही कधीही लाइट म्हटले नाही. लाइट ही माणसाने लावायची गोष्ट.

सुरंगीची वेणी
रापणीचा दोर यांचे शेवटचे वाक्य वाचून मला आमच्या घरातली एक सवय आठवली, तीही याच भेदाची आहे. देवापुढे लावतो तो दिवा. त्याला लाइट कोणी म्हणत नाही आणि तो विझवत नाही, तो मालवतो किंवा शांत करतो. लाइट मात्र आपण बिनदिक्कत बंद करतो किंवा घालवतो. तरीही तिन्हीसांजेला पडवीतली पहिली लाइट लावली की माझी सासू बटणावरचा हात काढून आधी नमस्कार करते. ती वेळ दिवेलागणीची. 'लाइट लागणीची वेळ' असे कोणाच्याही तोंडून आलेले मी ऐकलेले नाही.

लिंगाबद्दलही लिहिते. आमच्याकडे लाइट स्त्रीलिंगी आहे : लाइट गेली, लाइटीच्या उजेडात बसलो, अंगणात दोन लाइटी लावल्या. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नसते, त्यामुळे ते आपणच दिले. 'वीज' आणि 'बत्ती' या दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे लाइटही त्यांच्या पंगतीला बसली असावी असा माझा तर्क आहे. बल्ब मात्र पुल्लिंगी राहिला, बहुधा दिव्याच्या जागी आला म्हणून.

गणपतीत 'लाइटिंग' हा आणखी एक शब्द येतो. इंग्रजीत त्याचा अर्थ नुसती प्रकाशयोजना असा आहे. कोकणात लाइटिंग म्हणजे मखराभोवतीची रंगीत दिव्यांची माळ. "यंदा लाइटिंग कोणी आणली?" असे विचारले तर मुंबईहून आलेल्या काकांनी पिशवीतून काढलेले खोके असाच त्याचा अर्थ असतो.

मराठी प्रथम
सर्वांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला एक मतभेद नोंदवायचा आहे. 'वीज', 'उजेड', 'दिवा', 'फिका', 'हलका' असे पाच उत्तम शब्द असताना आपण एका परक्या शब्दाने पाचही कामे भागवतो, यात भाषेचे नुकसान नाही का? माझी मुलगी आता 'फिका निळा' असे म्हणत नाही, 'लाइट ब्लू' म्हणते. 'उजेड' हा शब्द तिने शेवटचा कधी वापरला हे मला आठवत नाही.

खाडीकाठचा
मराठी प्रथम, तुमची खंत मला समजते आणि 'फिका'बद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तिथे आपण चांगला शब्द टाकून दिला आणि बदल्यात काहीही मिळवले नाही. 'अबोली', 'पोपटी', 'मोरपिशी' असे रंग ज्या भाषेत आहेत तिला 'लाइट ऑरेंज'ची गरज नसावी.

पण खांबावरच्या लाइटचे तसे नाही. तिथे शब्द परका असला तरी त्याचा वापर आपला आहे, आणि तो तसा इंग्रजीत नाही. इंग्रज माणूस पुरवठा बंद झाला तर "पॉवर गेली" अशा अर्थाचे बोलेल. त्याची 'लाइट' जाते तेव्हा उजेड जातो. आपल्याकडे दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, एकही दिवा लागलेला नसतानाही लाइट जाते, आणि ती गेली हे पंखा थांबल्यावर कळते. दिवा विझणे आणि लाइट जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. दर्यावर्दींनी पडावाचे जे सांगितले तेच मला पटते : शब्द आधीपासून होता तिथे परका शब्द शिरला नाही, आणि जिथे नवी गोष्ट आली तिथे लोकांनी तो घेतला, त्याला लिंग दिले, अनेकवचन दिले, विभक्ती लावली. लाइटीच्या, लाइटीत, लाइटी ही रूपे कोणत्याही इंग्रजी कोशात मिळणार नाहीत.

'लाइट घे' याबद्दल मात्र थोडी काळजी वाटते. निसर्ग वादळाच्या आदल्या दिवशी आमच्या गटात कोणीतरी लिहिले होते, "दरवर्षी सांगतात, लाइट घ्या." दुसऱ्या दिवशी त्याच्याच वाडीतली पोफळीची बाग झोपली. 'मनावर घेऊ नका' आणि 'दुर्लक्ष करा' हे दोन अर्थ या दोन शब्दांत इतके जवळ बसतात की एकाचा दुसरा होतो. मराठीत बोललो असतो तर यातला कोणता अर्थ आहे हे बोलणाऱ्याला ठरवावे लागले असते.

सुरंगीची वेणी
यात एक भर घालते. दिवाळीत आमच्याकडे इन्व्हर्टर बसवला. परवा रात्री जेवताना पंखा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. डोक्यावरची ट्यूब चांगली जळत होती. तरी सासू म्हणाली, "लाइट गेली वाटतं." मुलगा पाटावर उठून उभा राहिला आणि ट्यूबकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, लाइट आहे की." ती म्हणाली, "ही पेटीतली. खांबावरची गेली," आणि शेजारच्या घरात काळोख आहे का ते पाहायला खिडकीशी गेली.